चौसष्ट बाइटांचा सातबारा

हार्ड डिस्कवरचा नको असलेला किंवा बिघडलेला विभाग, म्हणजे पार्टिशन, काढायचा म्हटले की मनात धास्ती असते. पण काढल्यावर नेमके काय पुसले जाते? त्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि तिच्यासाठी डॉस २.० बरोबर एफडिस्क हा प्रोग्रॅम. एकाच डिस्कवर निरनिराळ्या कार्यप्रणाली नांदाव्यात म्हणून तिचे चारपर्यंत विभाग पाडण्याची सोय होती. त्यांची नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये ठेवली गेली. प्रत्येक विभागाला १६ बाइट, चारांना मिळून ६४. विभाग कोठे सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे, संगणक त्यावरून सुरू करायचा का, एवढेच त्यात. डिस्कचा सातबाराच म्हणा ना!

विभाग काढताना ही १६ बाइटांची नोंद तेवढी जाते. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतातले उभे पीक नाहीसे होत नाही. नांगर फिरतो तो नंतर, त्या जागी नवा विभाग पाडून फॉरमॅट केल्यावर. प्रत्येक विभागाच्या आरंभी फाइल-व्यवस्थेच्या खुणा असतात. त्या हुडकून टेस्टडिस्कसारखे मोफत प्रोग्रॅम हरवलेली नोंद पुन्हा लिहू शकतात.

पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉसचा विभाग ३२ मेगाबाइटपुढे जाईना. म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये विस्तारित विभाग आला. त्याच्या पोटातले ड्राइव्ह साखळीने जोडलेले, एकाच्या नोंदीत पुढच्याचा पत्ता. साहजिकच एफडिस्क आधी आतले ड्राइव्ह काढायला लावी. नंतरच्या आवृत्त्यांत काढायच्या ड्राइव्हचे लेबलही टंकावे लागे. पुष्कळांना हा जाच वाटे. आम्हाला तो शहाणपणा वाटतो, कारण चूक बहुधा भलताच क्रमांक निवडण्यातच होते.

मूळ रचनेत नोंदीची दुसरी प्रत मात्र कोठेच नव्हती. पुढे आलेल्या जीपीटी पद्धतीने डिस्कच्या शेवटी ती ठेवली, शिवाय नोंद बिघडली का हे पडताळणारी संख्याही.

म्हणून विभाग काढण्यापूर्वी मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवावा, आणि क्रमांकाबरोबर आकारही ताडून पाहावा. चुकून भलताच विभाग गेला, तर त्या डिस्कवर काहीही लिहू नये. 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला नकारच द्यावा. एसएसडीवर तर हे अधिकच खरे. तेथे फॉरमॅट करताना बहुधा रिकाम्या जागेची सूचना चकतीविना चालणाऱ्या त्या साठ्याला जाते, आणि मग जुना मजकूर परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही.