घरातल्या फडताळातला भविष्यकाळ

लोकप्रिय वाङ्मयप्रकारांचा इतिहास लिहिताना आपण लेखक, प्रकाशक आणि ग्रंथालय या तिघांचा विचार करतो. घर हा चौथा घटक मात्र आपल्या विवेचनातून बहुधा निसटतो. संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून पाहिलेली मालिका किंवा जेवणाच्या टेबलावर मांडलेला पत्त्यांचा डाव यांना फार तर 'विरंगुळा' म्हटले जाते आणि विरंगुळ्याला इतिहास असतो असे आपण मानत नाही. विज्ञानकाल्पनिका दाखवणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका आणि संग्राह्य पत्त्यांचे खेळ या दोन कौटुंबिक छंदांचा इतिहास पाहिला, तर ही समजूत तपासून घ्यावी लागते.

'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी, सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास सुरू झाली. तिची वेळ हीच तिची जन्मकथा आहे. दुपारचा क्रीडाविषयक कार्यक्रम आणि त्यानंतरचा तरुणांचा संगीतविषयक कार्यक्रम यांच्यामधली पोकळी भरून काढील, आणि वडील, आई व मुले यांपैकी कोणीही उठून जाणार नाही, असे काहीतरी नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना हवे होते. निर्मितीची जबाबदारी अवघ्या सत्तावीस वर्षांच्या वेरिटी लँबर्ट यांच्याकडे आली आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या गदारोळामुळे आणि काही भागांतील वीज गेल्यामुळे पहिला भाग पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पुन्हा दाखवावा लागला.

अध्यापकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट आहे. कालयानातून डॉक्टरबरोबर जाणाऱ्या पहिल्या दोन प्रौढ पात्रांपैकी एक शाळेत विज्ञान शिकवतो आणि दुसरी इतिहास. भूतकाळातल्या कथांतून इतिहास आणि भविष्यातल्या कथांतून विज्ञान शिकवावे, ही मूळ योजना होती. बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, असे न्यूमन यांनी बजावले होते. परंतु त्याच डिसेंबरात टेरी नेशन यांच्या कथेतून 'डॅलेक' अवतरले आणि मुलांनी त्यांना डोक्यावर घेतले. योजना संस्थेची होती, पण मालिकेचे रूप प्रेक्षकांच्या घरांनी ठरवले.

यानंतरचा अध्याय मात्र वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. १९६७ ते १९७८ या काळात बीबीसीने या मालिकेच्या जुन्या भागांच्या चित्रफिती पुसून टाकल्या. त्यात दुष्टावा नव्हता, हिशेब होता. चित्रफीत महाग होती व पुन्हा वापरता येत असे. कलावंतांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना कोणी विचारीना. आणि घरी चित्रफीत विकत आणून पाहण्याची कल्पनाही तेव्हा रूढ नव्हती. शंभराहून अधिक भाग अशा रीतीने नाहीसे झाले. पहिल्या डॉक्टरच्या जागी दुसरा येतो, ही या मालिकेला दीर्घायुष्य देणारी कल्पना १९६६ साली ज्या भागात प्रथम दिसली, तो भागही त्यांत आहे. त्यातला रूपांतराचा क्षण तेवढा उरला, कारण त्याचा तुकडा १९७३ मध्ये मुलांच्या एका कार्यक्रमात दाखवला गेला होता.

आणि तरीही या हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो मुद्रित करून ठेवला होता. कोणी दूरचित्रवाणी संचासमोर मायक्रोफोन धरला, कोणी तारा जोडल्या. हे करताना आपण जतनाचे कार्य करीत आहोत, अशी त्यांची भावना असण्याचे कारण नव्हते. आवडलेली गोष्ट पुन्हा ऐकता यावी, एवढीच ओढ होती. त्याच ध्वनिमुद्रणांवर पुढे चित्रे चढवून २००६ साली 'द इन्व्हेजन'चे गहाळ भाग आणि २०१६ साली 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स' ही संपूर्ण कथा नव्याने उभी करण्यात आली. परदेशी पाठवलेल्या प्रतींतूनही काही भाग परत मिळाले. १९९२ मध्ये हाँगकाँगहून एक संपूर्ण कथा आली, तर २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले.

वि. का. राजवाडे यांनी घराघरांतली दप्तरे आणि पोथ्या शोधत केलेली वणवण आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टींची तुलना मर्यादितच करता येईल, पण घराच्या फडताळात जे अजाणता टिकते त्याचे मोल नंतरच कळते, हे सूत्र दोन्हीकडे सारखे आहे.

आता पत्त्यांकडे वळू. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक. त्याने आधी दुसराच एक खेळ प्रकाशकाला दाखवला होता. तो छापणे खर्चिक होते. संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात पटकन खेळता येईल असे काहीतरी दे, असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे इथेही मूळ प्रेरणा रिकामी वेळ भरण्याचीच! पहिल्या आवृत्तीत २९५ प्रकारचे पत्ते होते आणि सुमारे २६ लाख पत्ते छापले गेले. कोणा एका खेळाडूला सगळे पत्ते माहीत नसतील, समोरच्याच्या हातून अनोळखी पत्ता पडेल आणि खेळाचे जग हळूहळू उलगडेल, अशी गारफिल्डची कल्पना होती.

या कल्पनेला बाजाराने लवकरच गाठले. पंधरा पत्त्यांच्या बंद पाकिटात एकच दुर्मीळ पत्ता असे. तो मिळेपर्यंत पाकिटे फोडत राहण्याचा मोह त्या रचनेतच होता. १९९५ मध्ये जुने पत्ते पुन्हा छापले तेव्हा संग्राहक संतापले आणि १९९६ साली काही पत्ते पुन्हा कधीही न छापण्याचे वचन कंपनीला द्यावे लागले. ज्याला खेळायचे आहे त्याला पत्ता सुलभ हवा. ज्याने साठवला आहे त्याला तो दुर्मीळ हवा. एकाच घरातल्या दोन भावांतही हा तंटा होऊ शकतो. या छंदाचे गुणगान करताना त्याची ही व्यापारी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. 'स्टार ट्रेक' या मालिकेवर आधारलेला पत्त्यांचा खेळ १९९४ साली निघाला आणि २००७ साली कंपनीने तो थांबवला. खेळ तिथेच संपायचा. पण खेळाडूंनी स्वतःची समिती स्थापन केली, नवे पत्ते रचून ते घरी छापून घेण्याची सोय केली आणि स्पर्धा चालू ठेवल्या. मूळ मालिकाही अशीच जगली होती. १९६८ मध्ये ती बंद पडू नये म्हणून प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम चालवली आणि तिला तिसरे पर्व मिळाले. १९६९ मध्ये ती थांबली खरी, पण सत्तरच्या दशकात स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणांतून तिला नवा प्रेक्षकवर्ग लाभला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, 'डॉक्टर हू'च्या साठाव्या वर्षी, 'मॅजिक'ने त्या मालिकेवरचे पत्ते काढले आणि हे दोन प्रवाह एकत्र आले. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी डॅलेक पाहिले त्यांची नातवंडे आता तेच डॅलेक हातात धरून डाव मांडू शकतात. हा अर्थातच कंपनीचा धंदा आहे. पण आजोबांनी नातवाला त्या पत्त्यामागची कथा सांगितली, तर तो धंद्यापलीकडचा व्यवहार होतो, आणि कथापरंपरा चालते ती अशाच व्यवहारांवर.

संस्था आपल्या काळाला जे मोलाचे वाटते ते जपतात आणि उरलेले पुसतात. त्यांचा निवाडा चुकला, हे कळायला दहा-वीस वर्षे लागतात. तोपर्यंत ती गोष्ट कोणाच्या तरी घरात, केवळ आवडीपोटी, टिकलेली असावी लागते. आपण वर्गात 'अभिजात' आणि 'लोकप्रिय' यांच्यात रेषा ओढतो, तेव्हा आपणही एका परीने चित्रफीत पुसण्याच्या खोलीत उभे असतो. समोरच्या बाकावरचा विद्यार्थी दप्तरात पत्त्यांचा जुडगा घेऊन आला असेल, तर तो जप्त करण्याआधी त्यातल्या एका पत्त्याची कथा त्याला विचारून पाहावी.