डावीकडून तिसरे आणि इतर

अमळनेर हे गाव वर्तमानपत्रात आले ते बहुधा मोठ्या नावांमुळे. साने गुरुजी येथे प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. १९३८ साली त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक येथूनच काढले. प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. १९४५ साली प्रताप कॉलेज निघाले आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला मोहम्मद हाशम प्रेमजी यांची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी येथे स्थापन झाली. तिचेच पुढे विप्रो झाले. बोरी नदीच्या काठचे, सुरत-भुसावळ रेल्वेवरचे हे तालुक्याचे गाव. मिलचा भोंगा आणि कॉलेजची घंटा या दोन आवाजांवर इथला दिवस चालत असे.

आम्ही येथे नोकरीनिमित्त आलो. उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. २०१८ साली दहावीचे नवे इतिहासाचे पुस्तक आले. त्यात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असा एक पाठ आहे. पाठ शिकवून झाल्यावर आम्ही मुलांना सांगितले की, घरात, शेजारी, ट्रंकेच्या तळाशी कुठे जुन्या वर्तमानपत्रातला आपल्या गावाचा फोटो असेल तर आणा. आम्हाला वाटले होते, दोन-चार कात्रणे येतील. एका मुलाच्या शेजारचे बुजुर्ग मात्र कात्रणे चिकटवण्याचे शौकीन निघाले. त्यांची वहीच आली. खळीने चिकटवलेली, कडा वाळवीने खाल्लेली, चाळीसेक कात्रणे.

वही पाहून मुलांचा पहिला प्रश्न होता, “सर, इसमें हमारे लोग कहाँ हैं?”

आम्ही मोजले. आपली माणसे असलेले, म्हणजे फोटोखालच्या मजकुरात मुस्लिम नाव असलेले, फोटो पाच. त्यातले चार ईदचे. चौघांत तीच गळाभेट, तेच फौजदार, तीच टोपी, आणि खाली ‘मुस्लिम बांधवांना शुभेच्छा देताना’. वर्षाचे उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस हे बांधव काय करीत होते, ते वर्तमानपत्राला ठाऊक नव्हते. पाचवा फोटो एका दंगलीनंतरच्या शांतता समितीच्या बैठकीचा होता. तो आम्ही मुलांपुढे लवकर उलटला. तसे करायला नको होते, असे आता वाटते.

पण केवळ पक्षपात म्हणून हात झटकणे हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाही. आम्ही छापखान्यात काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी समजावले की, ऑफसेट येण्यापूर्वी फोटो छापणे म्हणजे खर्चाचे काम. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने खाऊन ‘ब्लॉक’ करावा लागे. लहान गावात ही सोय नसे. ब्लॉकचा दर चौरस इंचावर ठरे. त्यामुळे पाहुणे, अध्यक्ष, संस्थेचे चिटणीस एवढे धरायचे आणि बाजूचे कापायचे. एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवायचा आणि त्याच माणसाची बातमी पुन्हा आली की तोच लावायचा. म्हणून जुन्या अंकांत पुढारी दहा वर्षे म्हातारे होत नाहीत!

हे ऐकल्यावर आम्ही वही पुन्हा उघडली, ती या वेळी मधल्या माणसांसाठी नव्हे, कडेच्या माणसांसाठी. आणि माणसे दिसू लागली.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो आहे. खुर्च्यांवर प्राचार्य आणि पाहुणे, मागे विद्यार्थी, खाली ‘डावीकडून पहिले, दुसरे, तिसरे’ अशी नावे आणि शेवटी ‘व इतर’. उजव्या कडेला अर्धा कापलेला एक माणूस डोक्यावर पेट्रोमॅक्स घेऊन उभा आहे. मिरवणुकीच्या एका फोटोत बँडवाल्यांचे तीन गाल फुगलेले दिसतात, चेहरे कर्ण्याआड. पुराच्या फोटोत बोरीच्या काठावर उभ्या गर्दीत पिंजाऱ्याची धनुकली एकाच्या खांद्यावर स्पष्ट ओळखू येते. कापसाच्या खानदेशात तो रोज दारावरून जाणारा माणूस. त्याचा स्वतंत्र फोटो मात्र कुणी काढला नाही.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो सखाराम महाराजांच्या यात्रेच्या फोटोवर. वैशाखात बोरीच्या वाळवंटात ही यात्रा भरते. फोटोत बांगड्यांचे दुकान आहे. एक बाई हात पुढे करून बसली आहे आणि हसते आहे. तिच्यापुढे मनियार आहे, कॅमेऱ्याकडे पाठ करून. खाली छापले आहे, ‘यात्रेत खरेदीचा आनंद लुटताना महिला’. मुलांनी ते कात्रण भिंगाखाली धरले. पण वर्तमानपत्राचा फोटो भिंगाने मोठा होत नाही, त्याचे ठिपके होतात. इंचाला साठ-पासष्ट ओळींची ती जाळी. चेहरा जितका जवळ घ्यावा तितका नाहीसा होतो. येथे तर चेहराच नव्हता.

वर्गातल्या एका मुलीने त्याची झेरॉक्स घरी नेली. दुसऱ्या दिवशी ती आजीला घेऊनच शाळेत आली. आजींनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, “ये तो हमारे मामू हैं. एक पाँव मोड के ऐसे वही बैठते थे, दूसरा मुड़ता नहीं था.” मग अर्धा तास त्या बोलत होत्या. मामू कोणत्या गल्लीत राहत, माहेरवाशिणींना बांगड्या भरून पैसे पुढच्या यात्रेपर्यंत उधार कसे ठेवत, कोणत्या वाड्यातल्या लग्नाचा चुडा त्यांच्याशिवाय कुणाकडून भरला जात नसे. आम्ही लिहून घेत होतो. एका पाठीवरून इतकी बातमी निघाली.

दोष सगळा कॅमेऱ्याचा आणि संपादकाचा नाही, हेही येथे लिहिले पाहिजे. नव्वदच्या दशकातली काही कात्रणे ‘गुणवंत विद्यार्थी’ या सदराची आहेत. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. त्या दशकापर्यंत ऑफसेट रुळली होती आणि तिकिटाएवढे फोटो ओळीने छापणे सोपे झाले होते. अशा एका ओळीत एका मुस्लिम मुलीचे नाव आहे, गुण आहेत आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट. ती चौकट वर्तमानपत्राने रिकामी ठेवली नव्हती. घरच्यांनी फोटो दिला नव्हता. आमच्या स्वतःच्या घरात तरी काय होते? तसवीर काढावी की नाही यावर वाद घालणारे वडीलधारे रेशनकार्डासाठी आणि हजच्या पासपोर्टसाठी मात्र स्टुडिओत जाऊन बसत. दादीजानचा आमच्याकडे असलेला एकमेव फोटो पासपोर्टचा आहे. आम्ही वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांना आणखी काही ठाऊक असावे.

२००० च्या सुमारास विप्रोच्या शेअरचा भाव आभाळाला भिडला, तेव्हा बाहेरगावचे वार्ताहर अमळनेरचे करोडपती शोधत आले. ते फोटो रंगीत आहेत. शेअर सांभाळून ठेवणारे त्यात हसत आहेत. तुपाचे डबे भरणारे आणि साबणाच्या वड्या बांधणारे त्यात नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे झाले. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही येथेच झाले. आमच्या मुलांनी मोबाइलवर इतके फोटो काढले की मोजदाद नाही. आम्ही त्यातले वीस छापून घेतले आणि मुलांना म्हटले, खाली नावे लिहा. पुढाऱ्यांची नावे भराभर आली. चहाच्या स्टॉलवर थांबली. मुलांना परत पाठवले, नाव विचारून या म्हणून. स्टॉल उठला होता, पण त्या माणसाचे घर सापडले.

वही आता शाळेच्या कपाटात आहे. प्रत्येक झेरॉक्सच्या मागे पेन्सिलीने, एका बाजूला उर्दूत आणि एका बाजूला मराठीत, कळलेली नावे लिहिली आहेत. आजवर एकवीस झाली. बँडवाल्यांपैकी दोघांची मिळाली. तिसऱ्याबद्दल दोन घरांत मतभेद आहे, म्हणून दोन्ही नावे ठेवली. पेट्रोमॅक्सवाल्याचा पत्ता अजून नाही. कसाली भागात एक नव्वदीचे चाचा आहेत, त्यांना रात्रीच्या वराती आठवतात असे कळले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की घेऊन या, असा त्यांचा निरोप आहे.