चटया घालणाऱ्यांचा इतिहास

इगतपुरीच्या टेकडीखालचा सोनेरी पॅगोडा महाराष्ट्राला ठाऊक आहे, गोराईचा तर परदेशी पाहुण्यांनाही. विपश्यना या ध्यानसाधनेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या दोन घुमटांवरच थांबतात. मी नाशिकची निवृत्त शिक्षिका. आमच्या भागातल्या सामूहिक साधनेच्या हॉलची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. त्यामुळे मला हा इतिहास दुसऱ्या टोकाकडून दिसतो. तो बराचसा मागून घेतलेल्या जागांचा, आणि कुणीतरी वेळेआधी येऊन चटया घातल्या म्हणून टिकलेला आहे.

मुळात ही परंपरा आपल्यापर्यंत आली तीच गृहस्थांच्या हातून. ब्रह्मदेशात लेडी सयाडो या थोर भिक्षूंनी ती संसारी माणसांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या शिष्यांपैकी सया तेजी हे शेतकरी. सया तेजींचे शिष्य ऊ बा खिन सरकारी नोकर, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल. जमाखर्च तपासणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनाच साधनेला बसवले. 1952 मध्ये रंगूनला स्वतंत्र केंद्र उभे राहिले, पण त्याआधी कार्यालयातच साधकांचे मंडळ तयार झाले होते. आधी मंडळ, मग इमारत, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

सत्यनारायण गोयंका त्या केंद्रात पोहोचले 1955 मध्ये. 1924 साली मंडालेला जन्मलेले, मारवाडी व्यापारी घराण्यातले, अर्धशिशीने गांजलेले गृहस्थ. पुढची चौदा वर्षे ते गुरूंजवळच शिकले. 1969 मध्ये ते भारतात आले त्याचे निमित्त आईच्या आजारपणाचे. त्यांचे भारतातले पहिले शिबिर 3 जुलै 1969 ला मुंबईत पंचायतीवाडी धर्मशाळेत सुरू झाले. शिबिरार्थी 14, त्यांत त्यांचे आईवडीलही होते. पुढची काही वर्षे शिबिरांना घर नव्हते. धर्मशाळा, विहार, शाळा, जिथे दहा दिवस मिळतील तिथे पथारी. बोधगयेच्या बर्मी विहारातल्या शिबिरांत तर पाश्चात्त्य तरुणांचीच गर्दी. त्यांतल्या जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग यांनी पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरे गावी, एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या इमारतीत, आपल्या साथीदारांबरोबर विपश्यनेचे केंद्र काढले. ते सुरू झाले 1976 मध्ये, आणि त्याच वर्षी आपल्या इगतपुरीचे धम्मगिरी केंद्रही सुरू झाले.

इगतपुरीच का? भक्तिभावाने सांगणाऱ्यांकडे याची सुंदर उत्तरे आहेत. मला व्यवहाराचे पुरते. थळ घाटातून रेल्वे वर आली ती 1865 मध्ये. तेव्हापासून घाट चढून आलेल्या बहुतेक गाड्या इथे थांबतात. मुंबई-आग्रा रस्ताही जवळून जातो. मुंबईचा माणूस सकाळी निघून जेवणाच्या आत पोहोचतो आणि हवा मात्र डोंगराची मिळते. पावसाळ्यात ओले कपडे वाळत नाहीत, एवढाच काय तो खोट काढण्याजोगा मुद्दा. 1979 मध्ये तिथला पॅगोडा झाला, 1985 मध्ये संशोधन संस्था.

पण माझ्या मते खरे वळण आले 1982 च्या सुमारास, गोयंकाजींनी सहायक आचार्य नेमले तेव्हा. शिकवणारा आवाज ध्वनिफितीत आला आणि शिबिरे एका माणसाच्या प्रवासावर अवलंबून राहिली नाहीत. काही जणांना हे यांत्रिक वाटते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. एवढेच म्हणते, की त्यामुळेच धुळ्यापासून कोल्हापूरपर्यंत केंद्रे उभी राहू शकली आणि गावोगावच्या साधकांना आठवड्याला एकत्र बसायला तोच आवाज मिळाला.

हे एकत्र बसणे बाहेरच्यांना दिसत नाही, कारण त्याला पाटी नसते. दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेला 'जुना साधक' झाला की त्याला या तासाभराच्या सामूहिक साधनेला येता येते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. आधी ध्वनिफितीतला थोडा आवाज, मग शांतता, शेवटी सर्वांचे भले चिंतणारी मंगल मैत्री आणि सगळ्यांचे तीनदा 'साधु'. मग चपला शोधता शोधता गुडघ्यांची चौकशी. आमच्याकडे हा तास आधी एका साधकाच्या गच्चीवरच्या खोलीत भरे, पुढे एका वस्तीतल्या बुद्धविहारात, आता समाजमंदिरात. लग्नसराईत तिथूनही उठावे लागते.

विहारातली ती वर्षे मला वेगळी नोंदवावीशी वाटतात. ज्या जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, जिथे येवल्याला 1935 मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्या जिल्ह्यात सराफ्यातला व्यापारी वस्तीतल्या विहारात येऊन डोळे मिटून बसत होता. गोयंकाजी ही विद्या कुठल्याही संप्रदायाची नाही असे सांगत. वस्तीतले काही कार्यकर्ते विचारत, डोळे मिटून जात कशी जाईल? प्रश्न रास्त होता, आजही आहे. एका तासाने जात जात नाही. पण तो तास झाल्यावर त्याच विहारात बसून सगळे चहा पीत, आणि कप विसळायची पाळी व्यापाऱ्यालाही येई, हे मी पाहिलेले आहे.

एक बळ या एकत्र बसण्याचे, दुसरे सेवेचे. शिबिर शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच घेतात. पहाटे चारची घंटा वाजवणारा, नाश्त्याचे पोहे परतणारी, अकराच्या जेवणाची पातेली घासणारे पुष्कळदा आधीच्या शिबिरांतले साधकच असतात. जुन्या साधकांना संध्याकाळी फक्त लिंबूपाणी, त्यामुळे लिंबे चिरण्याचे काम कधी संपत नाही. धम्मसेवकांनाही दिवसातून तीन वेळा तासभर बसावे लागते. स्वयंपाकघरातल्या कुरबुरी तिथे जिरतात. सगळ्या जिरतात असे नाही.

गोराईचा पॅगोडा 8 फेब्रुवारी 2009 ला तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते खुला झाला. त्या बिनखांबी घुमटाखाली 8000 माणसे बसू शकतात. दगडांची ती गुंफण पाहण्यासारखीच आहे. तरी माझे मत विचाराल तर गोयंकाजींच्या पश्चात, म्हणजे 29 सप्टेंबर 2013 नंतर, ही परंपरा राखली ती दर आठवड्याला दहा-बारा माणसे जमणाऱ्या खोल्यांनी.

शिबिर करून घरी आलेले कितीतरी जण महिन्याभरात साधना सोडतात आणि ओशाळून आमच्याकडे फिरकत नाहीत. त्यांनी ओशाळू नये. जवळच्या केंद्रात विचारले की आपल्या भागातल्या तासाचा पत्ता मिळतो. आणि येणारच असाल तर दहा मिनिटे आधी या. चटया घालायला माणूस कमी पडतो.