धुराची शाळा : खाणीतील बचावाचे प्रशिक्षण कसे जन्माला आले

१० मार्च १९०६. उत्तर फ्रान्सच्या पा-द-काले भागातील कूरिएर कंपनीच्या कोळसा खाणींत सकाळची पाळी नुकतीच खाली उतरली होती. साडेसहाच्या सुमारास भूगर्भात कुठेतरी ठिणगी पडली. हवेत तरंगणाऱ्या कोळशाच्या भुकटीने पेट घेतला आणि एकमेकांना जोडलेल्या शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून ज्वाळा धावत गेली. १,०९९ माणसे मृत्युमुखी पडली. युरोपच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण खाण-दुर्घटना होय. (नावावरून कोणाला टपाल-पार्सलाची आठवण झाली असेल, तर त्याचा येथे काही संबंध नाही.)

या धाग्याचा विषय मात्र तो स्फोट नाही. स्फोटानंतर दोनच दिवसांनी तेथे पोहोचलेली माणसे हा विषय आहे.

ती माणसे जर्मन होती. त्या वेळी मोरोक्कोच्या प्रश्नावरून फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांवर डोळे वटारून होते व त्याच वादासाठी अल्हेसिरासची परिषद चालू होती. १८७१च्या पराभवाची सल फ्रेंच मनात अजून ताजी होती. अशा वातावरणात वेस्टफालियातून, हेर्नेच्या शॅमरॉक आणि गेल्झेनकिर्खेनच्या राइनएल्ब या खाणींतून, पंचवीसेक खाणकामगारांची तुकडी सीमा ओलांडून आली. शॅमरॉक खाणीचे अधिकारी गेओर्ग आल्ब्रेख्ट मायर हे तिचे प्रमुख होते. (जर्मन खाणीला आयर्लंडच्या तीनपानी गवताचे नाव कसे, असा प्रश्न पडला असेल, ती खाण काढणारा उद्योजक मलवेनी हा आयरिश होता.)

त्यांच्या पाठीवर श्वसनयंत्रे होती. परंतु यंत्रे विकत घेता येतात. त्यांच्यापाशी असलेली दुसरी गोष्ट विकत मिळणारी नव्हती. संकट नसताना, शांततेच्या दिवसांत, ती यंत्रे चढवून काम करण्याचा सराव त्यांनी केला होता. फ्रान्सच्या त्या कोळसापट्ट्यात अशी एकही तयार तुकडी नव्हती.

सरावाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागेल. जानेवारी १८९६मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथे स्फोट झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तेथील मृतदेह तपासले आणि सर्वांची समजूत उलटी ठरवली. बहुसंख्य कामगार आगीने वा दणक्याने मेले नव्हते. स्फोटानंतर बोगद्यांत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा बळी घेतला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाचे पाय अचानक गळून पडतात, आणि पाय गळाले हे कळेपर्यंत परतीची वेळ निघून गेलेली असते.

या निष्कर्षाचे दोन अर्थ होते. पहिला आशेचा : स्फोटातून वाचलेली माणसे काही काळ तरी जिवंत असू शकतात. दुसरा भयाचा : त्यांना आणायला धावत जाणारा शूर माणूसही त्याच वायूत कोसळतो. खाणींच्या इतिहासात अशी नावे कमी नाहीत. भाऊ आत अडकला म्हणून भाऊ धावतो आणि मृतांच्या यादीत एकाच आडनावाची दोन नावे लागतात. हॉल्डेनने सुचवलेला उपाय साधा होता : लहान प्राणी सोबत न्या. उंदराच्या किंवा कॅनरी पक्ष्याच्या शरीरातील घडामोडी माणसाहून कितीतरी जलद चालतात. म्हणून विषाचा परिणाम त्यांच्यावर आधी दिसतो. ब्रिटिश खाणींत कॅनरी १९८६पर्यंत नोकरीला होते.

श्वसनयंत्राची कल्पना त्याहून जुनी. हेन्री फ्लूस या इंग्रजाने १८७०च्या दशकाच्या अखेरीस असे यंत्र बनवले की ज्यात सोडलेला श्वास कॉस्टिक पोटॅशमधून जाऊन शुद्ध होई आणि त्यात प्राणवायू मिसळून तो पुन्हा वापरता येई. १८८०मध्ये इंग्लंड आणि वेल्स यांना जोडणाऱ्या सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी भरले होते आणि आतला लोखंडी दरवाजा उघडाच राहिला होता. अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुडा नळीतून हवा घेत आत शिरला, पण लांबलचक नळीच्या ओढीने त्याला परतावे लागले. मग फ्लूसने स्वतः प्रयत्न केला. तोही माघारी आला. अखेर लॅम्बर्टने फ्लूसचे यंत्र चढवले आणि मिट्ट काळोखात सुमारे हजार फूट चालत जाऊन तो दरवाजा बंद केला. यंत्राचा जनक जेथे परतला तेथे पाण्याखाली वावरण्याची सवय असलेला माणूस पोहोचला. माझ्या मते बचाव-प्रशिक्षणाचा खरा प्रारंभ या प्रसंगात शोधावा, कायद्यांत नव्हे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही जाण इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये मूळ धरू लागली. ऑल्टोफ्ट्स खाणीचे व्यवस्थापक विल्यम गार्फोर्थ यांनी १८८६च्या स्फोटानंतर स्वतः आत उतरून बचावकार्य केले होते. खाणीची हुबेहूब नक्कल जमिनीवर उभारावी आणि माणसांना तिच्यात शिकवावे, हा विचार त्यांनी लावून धरला. १९०२मध्ये बार्न्सलीजवळ टँकर्सली येथे ब्रिटनमधील पहिले खाण-बचाव केंद्र सुरू झाले.

या नकली बोगद्यांत काय शिकवत? आत धूर आणि उष्णता कोंडलेली. छत काही ठिकाणी इतके खाली की पाठीवरचे यंत्र घासत सरपटावे लागे. तशा स्थितीत लाकडी टेकू कापून बसवायचे, ढिगारा उपसायचा, वायू अडवण्यासाठी आडव्या भिंती रचायच्या, माणसाच्या वजनाचा पुतळा स्ट्रेचरवरून बाहेर आणायचा. नाकाला चिमटा, तोंडात श्वासनळी. त्यामुळे बोलणे अशक्य. मग भोंग्याच्या ठरावीक आवाजांनी एकमेकांना इशारे द्यायचे. सिलिंडरमध्ये साधारण दोन तासांचा प्राणवायू. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, धापा टाकतो आणि तोंडातली नळी उपटून काढतो. ही सारी शिकवण म्हणजे एका अर्थी त्या एका हालचालीविरुद्धची लढाई होती. हात नळीकडे जाऊ नये, हे व्याख्यानाने साधत नाही. ते धुरात बसूनच अंगवळणी पडते.

आता पुन्हा कूरिएरकडे वळू. जर्मन तुकडीच्या हाती मुख्यतः मृतदेहच लागले. प्रशिक्षित माणसे आली आणि चमत्कार झाला, अशी ही कथा नाही. दरम्यान कंपनीने आत कोणी जिवंत नाही असे गृहीत धरले, आणि माणसांपेक्षा आगीतून कोळसा वाचवण्याची तिला अधिक घाई आहे, असा आरोप झाला. हजारो कामगार संपावर गेले. नुकतेच गृहमंत्री झालेल्या क्लेमांसो यांनी सैन्य पाठवले. आणि ३० मार्चला, स्फोटानंतर वीस दिवसांनी, तेरा माणसे काळोखातून चाचपडत स्वतःच्या पायांनी बाहेर आली. मेलेल्या घोड्याचे मांस खाऊन ती जगली होती. ४ एप्रिलला आणखी एक जण सापडला. त्या भागातील बोलीतला ‘रेस्कापे’, म्हणजे संकटातून बचावलेला, हा शब्द तेव्हापासून साऱ्या फ्रेंच भाषेत रूढ झाला. त्या तेरांना कोणीही वाचवले नव्हते. शोध वेळेत आणि नीट झाला असता तर आणखी किती जण सापडले असते, हा प्रश्न त्या गावांतील विधवांनी विचारला. त्याचे उत्तर कोणापाशीही नव्हते.

पुढील काही वर्षांत कायदे झाले. ब्रिटनने १९१० आणि १९११च्या कायद्यांनी बचावाची व्यवस्था बंधनकारक केली. अमेरिकेत १९०७मध्ये मोनोंगाह येथे ३६२ जण गेल्यानंतर, १९१०मध्ये खाण-विभाग स्थापन झाला आणि त्याचे प्रशिक्षण-डबे रेल्वेने खाणींच्या गावोगावी फिरू लागले. डिसेंबर १९११मध्ये टेनेसीतील क्रॉस माउंटन खाणीत ८४ जण मेले, पण पाच जण जिवंत बाहेर आले. मात्र केंद्र असणे आणि ते जवळ असणे यांत फरक होता. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सेंगेनिद येथे सकाळी आठनंतर स्फोट झाला. श्वसनयंत्रे घेतलेल्या तुकड्या अकराच्या सुमारास पोहोचल्या. तेथे ४३९ खाणकामगार गेले. पहिल्या महायुद्धात हीच विद्या शत्रूच्या खंदकांखाली सुरुंग खोदणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना शिकवली गेली.

भारतात हे उशिरा आले. १८ डिसेंबर १९३६ रोजी राणीगंज कोळसापट्ट्यातील पोइडीह खाणीत २०९ जण मेले. त्यानंतर नियम झाले आणि १९४१मध्ये सीतारामपूर व धनबाद येथे बचाव केंद्रे उभी राहिली. आज आपल्या नागपुरातही खाण-बचाव केंद्र आहे.

त्याच राणीगंजमध्ये नोव्हेंबर १९८९मध्ये महाबीर खाणीत पाणी शिरले. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कुपी तयार करवून घेतली, ती जाईल एवढे भोक जमिनीतून पाडून घेतले आणि स्वतः तिच्यात बसून खाली गेले. एकेक करून ६५ माणसे वर आली. अशी कुपी प्रथम वापरली गेली ती १९५५मध्ये, डालबुश खाणीत. तेही गेल्झेनकिर्खेनमध्येच, जेथून १९०६ची ती तुकडी निघाली होती.

आणि नोव्हेंबर २०२३मधील उत्तराखंडचा सिलक्यारा बोगदा तर तुम्हा सर्वांना आठवत असेल. शेवटचे काही मीटर हातांनी खोदणाऱ्या कामगारांची बातमी सर्वत्र पोहोचली. त्याच्या काही दिवस आधीचे एक दृश्य मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. अडकलेली ४१ माणसे अजून ढिगाऱ्याच्या पलीकडे होती आणि वाट मोकळी झाली नव्हती. तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा एक जवान चाके लावलेल्या स्ट्रेचरवर पालथा झोपला, त्याच्या साथीदारांनी दोर हाती घेतला, आणि त्याला त्या अरुंद नळीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढून पाहिले.