चहाचा डाग आणि विहिरीवरची बाई

पुण्याच्या पंच हौद मिशनमधलं चहा प्रकरण तुमच्यापैकी बहुतेकांनी कुठेतरी वाचलं असेल. 1890 साली तिथे जमलेल्या पुण्यातल्या बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी (आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, आणि एकंदरीत खोडसाळ माणूस) यांनी नंतर ती नावं छापून आणली आणि गहजब झाला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलंय असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं आणि सुधारक मित्रांचेच बोल ऐकून घेतले.

आपण या गोष्टीला हसतो, पण एक लक्षात घ्या. त्या समाजाकडे चूक दुरुस्त करायची सोय होती. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अंडू बटण होतं. फक्त त्याची परमिशन सगळ्या युजर्सना नव्हती.

त्याच काळातली तरुण विधवा घ्या. लग्न आठव्या-नवव्या वर्षी, नवरा गेला बाराव्या वर्षी, आणि विसाव्या वर्षी घरातल्याच कुणा पुरुषामुळे दिवस गेले. तिला कुठलं प्रायश्चित्त? विहीर, नाहीतर मूल मारणं. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी तमाम बायकांच्या चारित्र्यावर लिहून घेतलं. त्यावर चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. या सगळ्यातला पुरुष कुठे आहे, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

हे आठवायचं कारण पंडिता रमाबाई. आम्हा कोल्हापूरकरांना मिशन म्हटलं की शाळा आणि दवाखाना आठवतो. 1852 मध्ये वाइल्डरसाहेब इथे आले तिथपासून शाळा, आणि दवाखाना म्हटला की मिरजेचे वानलेस. पण मिशनचं एक तिसरं काम होतं, ज्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. ज्यांना तेव्हा सरळ 'पतित स्त्रिया' म्हणत, त्यांच्यासाठीची घरं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्यात अशा एका घराचा मोठा वाटा आहे.

रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, शिकायला. वय 25. आई-वडील दुष्काळाच्या दिवसांत गेलेले, नवराही गेलेला, पदरात लहानगी मनोरमा. वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. (याच मठाच्या सिस्टर्स पुण्यात पंच हौदला काम करत. जग लहान आहे!) तिथून त्यांना काही दिवस लंडनच्या फुलहॅम भागातल्या शाखेत पाठवलं. तिथे मठाचं सुटकेचं काम चाले. 1907 मध्ये रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची हकीकत लिहिली, त्यात हा प्रसंग आहे. एकेकाळी त्याच घरात आश्रयाला आलेल्या काही बायका त्यांना भेटल्या. आता त्या बायका आजाऱ्यांची आणि पंगूंची सेवा करत होत्या, आणि त्यालाच त्यांनी आयुष्य दिलं होतं.

मी तो भाग दोनदा वाचला. इथे नुसती दया नाहीये. दया म्हणजे जेवायला घालणं, छप्पर देणं. जिच्या हातचं पाणीही कुणी घेतलं नसतं, तिच्या हाती आजारी माणूस सोपवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

असं काही आपल्या देशात पाहिलं नाही, असं रमाबाई म्हणतात. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तेही कुठल्या मिशनच्या पैशांवर नाही. तिथली हमी गुप्ततेची होती: या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, नाव बाहेर फुटणार नाही. त्या पुण्यात ती गुप्तता म्हणजे जीव वाचवणं होतं, यात शंकाच नाही. पण नाव झाकून राहिलं तरच बाई वाचणार, हेही त्यात आलंच. त्या काळाला अपवाद ठरला तो यशवंत. 1874 मध्ये एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा फुल्यांनी उघडपणे दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची सेवा करत होता. त्या साथीतच सावित्रीबाई गेल्या. (रमाबाईंच्या धर्मांतरावर पुणं पेटलं तेव्हा 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली ती जोतीरावांनीच, 1885 मध्ये.)

परत फुलहॅमला येऊ. रमाबाईंनी आपल्याला शिकवणाऱ्या सिस्टरला विचारलं, तुम्ही लोक हे का करता? उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाई आणि येशू.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भर दुपारी एक बाई एकटीच विहिरीवर येते. पाणवठ्यावर सकाळ-संध्याकाळ बायकांची गर्दी असते हे गावाकडे राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. दुपारी एकटीच का आली असेल, हेही नको. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नाहीत. (युरोपातल्या वाचकाला इथे तळटीप लागते, मराठी माणसाला लागत नाही.) बोलता बोलता तो सांगतो की तुझे पाच नवरे झाले आणि आताचा तुझा नवरा नाही. म्हणजे तिचा सगळा लॉग त्याच्यासमोर उघडा आहे.

आता गंमत बघा. त्या अख्ख्या संवादात 'तुझ्या पापांची क्षमा झाली' हे वाक्य कुठेही नाही. ती विषय काढते तो उपासनेचा: खरी जागा आमचा डोंगर की तुमचं यरुशलेम? आणि तो तिच्याशी त्यावर गंभीरपणे चर्चा करतो. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात जाते, आणि तिच्या शब्दावर गाव विश्वास ठेवून विहिरीकडे येतं.

रमाबाईंना हे का भिडलं असेल याबद्दल माझा एक अंदाज आहे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्या वडिलांनी लोकांचा रोष पत्करला होता. बाईशी धर्मावर चर्चा करणारा देव, तोही अशा बाईशी! मराठी ख्रिस्ती बोलीत 'तारण' हा मोठा शब्द आहे. (आपल्याला तारण म्हटलं की सोनेतारण कर्ज आठवतं, असो.) या गोष्टीत तारण म्हणजे रेकॉर्ड पुसणं नाही. रेकॉर्ड तसंच राहतं, ती स्वतःच गावाला ते सांगत सुटते. फक्त तिची ओळख तिथे संपत नाही.

29 सप्टेंबर 1883 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊक असेल: 1889 मध्ये मुंबईत शारदासदन, 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून उठलेलं वादळ, दुष्काळात आणलेल्या शेकडो मुली, केडगावचं मुक्तिसदन. आणि तिथेच 'कृपासदन', फुलहॅमला पाहिलेल्या कामाचा मराठी अवतार.

माझी एक कुरकुर आहे. कृपासदन मुक्तिसदनापासून वेगळं ठेवलं होतं. व्यवहार म्हणून समजू शकतो. विधवांना आणि अनाथ मुलींना तिथे ठेवणाऱ्या पालकांची भीती असणार, शिवाय कुठल्या रोगांची काळजी. पण तरीही... देवाच्या दारात सगळ्या सारख्या आणि निजायची जागा मात्र वेगळी. विहिरीवरच्या बाईला गावात शिरायला वेगळी वेस नव्हती. शिवाय दुष्काळात विकली गेलेली पोर 'पतित' कशी? पडली की पाडली गेली, हा ताराबाईंचा प्रश्न केडगावलाही लागू होतोच.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला ग्रामसभेत ठराव करावा लागला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. तिथे तर कुणाची चूकही नव्हती.

रमाबाईंनी शेवटची बरीच वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. आयाबायांना कळेल अशी भाषा हवी हा त्यांचा हट्ट. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतची कामं मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी केली. त्यांच्यापैकी कुणीतरी योहानाचा चौथा अध्यायही एकेक अक्षर करून जुळवला असणार.

मुक्ती मिशन अजून चालू आहे. पुणे-दौंड मार्गावरचं केडगाव ते हेच, नगरजवळचं केडगाव वेगळं. आपली कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस याच रुळांवरून जाते.