सरपंच आहे, गाव नाही

थोरल्याकडं फ्रान्सला गेलो होतो, तेव्हा एके दिवशी त्यानं मला व्हर्दनजवळचं फ्लरी हे गाव दाखवायला नेलं. गाव कसलं, पाईनचं रानच ते. पायवाटेच्या कडेनं छोटे खुंट रोवलेत. इथं पावाची भट्टी होती, इथं शाळा, इथं शेतकऱ्याचं घर. घर मात्र एकही नाही. जुनं चर्च होतं तिथं तेवढं एक लहानसं प्रार्थनाघर बांधलंय.

1913 साली इथं 422 माणसं राहत होती. आपल्याकडची एखादी वाडीच म्हणा. 21 फेब्रुवारी 1916 ला जर्मनांनी व्हर्दनवर तोफा डागल्या आणि लोकांना गाव सोडावं लागलं. गाव होतं टेकडीच्या सोंडेवर, शहराकडं जाणाऱ्या वाटेवर. त्यामुळं त्या उन्हाळ्यात ते 16 वेळा या सैन्याकडून त्या सैन्याकडं गेलं. ऑगस्टात फ्रेंचांनी ते कायमचं जिंकलं, पण जिंकायला तोवर उरलं होतं काय? नुसता चिखल.

युद्ध संपल्यावर लोकांना वाटलं, आता परत जाऊ, पेरणी करू. ते झालं नाही. जमिनीत न फुटलेले गोळे, विषारी वायू, माणसांची हाडं. सरकारनं हा भाग 'लाल पट्टा' ठरवून ताब्यात घेतला आणि पुढं झाडं लावली. अशी नऊ गावं फ्रान्ससाठी मेली, असं तिथं म्हणतात. तरी फ्लरीचं नाव दप्तरातून काढलेलं नाही. मतदार नाहीत म्हणून निवडणूक नाही, सरकारच सरपंच नेमतं. ऐकून आधी मला हसूच आलं. भांडण नाही, तंटा नाही, असा सरपंच!

जमीन बघितली. सगळी खड्ड्याखड्ड्यांची, वर गवत माजलेलं. माती कशी आहे बघावं म्हणून सवयीनं खाली वाकलो, तर पोरगा ओरडला, "आबा, हात नका लावू!"

शंभर वर्षं उलटली तरी त्या मुलखात नांगराला गोळे लागतात. शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात, मग सरकारी माणसं येऊन नेतात. आपण दगड वेचतो तसं.

निघताना शेतकऱ्याच्या खुंटापाशी पुन्हा थांबलो. त्याच्या शेताचा बांध कुठनं गेला असेल, ते शोधत राहिलो. सगळीकडं सारखीच झाडं.