पडद्यावरचे नाव

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि २००१ पासून एमएस-सीआयटीच्या निमित्ताने संगणक या भागातील आमच्या पिढीपर्यंत पोहोचू लागला. तो आमच्या मालकीचा नव्हता. तो आपला वाटावा म्हणून आम्ही कर्सर बदलला, स्क्रीनसेव्हरवर नाव लिहिले.

स्क्रीनसेव्हरचा जन्म मात्र हौसेतून नव्हे, काळजीतून झाला. जुन्या काचनळीच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर फॉस्फरचा थर झिजून त्याचा डाग कायमचा उमटे. १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी, कळफलक तीन मिनिटे शांत राहताच पडदा काळा करणारा प्रोग्राम लिहिला. १९८९ च्या 'आफ्टर डार्क'ने त्या काळोखात उडते टोस्टर सोडले आणि गरजेची शोभा झाली. कर्सर तर ३२ गुणिले ३२ ठिपक्यांच्या चौकटीत कोणालाही रेखाटता येई.

आमची अडचण निराळी होती. विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. मग सरकत्या अक्षरांच्या स्क्रीनसेव्हरसाठी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट आम्ही निवडत असू. डोळ्यांना मराठी दिसे. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक ओळच असे. फॉन्ट काढला की नाव पुसले जाई.

पुढे युनिकोडने ते दुखणे बरे केले, सपाट पडद्यांनी स्क्रीनसेव्हरची निकडही संपवली. तरीही आमच्या भाषेने संगणकात घर मिळण्याआधी असे उसन्या अक्षरांत दिवस काढले, हे आम्ही विसरू नये.